ऑइल प्रेशरचा काटा खाली आला, तर आधी काय बघायचं?



१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी शाकारून ठेवलेल्या असतात, इंजिन गप्प असतं. मग ऑगस्ट उजाडला की बर्फ, डिझेल, रेशन भरायची घाई. त्या घाईत इंजिन चालू झालं, धूर ठीक दिसला, की आपण म्हणतो "झालं, चला". पहिल्या फेरीला किनारा दिसेनासा झाला आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली बसला, तर काय करायचं? यावर बंदरावर दहा माणसं दहा सल्ले देतात. म्हणून आज हा विषय नीट क्रमाने मांडतोय.

प्रेशर म्हणजे नक्की काय?

ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. ते ऑइल फिल्टरमधून, गॅलरीतून, क्रँकच्या आणि कॅमच्या बेअरिंगच्या बारीक फटींतून बाहेर पडतं. त्या फटी ऑइलला अडवतात, म्हणून प्रेशर बनतं. घरच्या नळाला पाइप लावा आणि तोंडावर अंगठा धरा. अंगठा घट्ट तर पाण्याला जोर, सैल तर जोर गेला. बेअरिंग झिजली म्हणजे अंगठा सैल झाला.

म्हणून प्रेशर कमी दिसायची मूळ कारणं चारच:
१. ऑइल पुरेसं नाही, किंवा पंपापर्यंत पोचत नाही.
२. ऑइल पातळ झालंय.
३. पंप किंवा रिलीफ वॉल्व काम करत नाही.
४. बेअरिंग झिजलीत.

आणि पाचवी शक्यता म्हणजे प्रेशर ठीक आहे, गेज खोटं बोलतंय. खाऱ्या हवेत ही पाचवी गोष्ट बरीच घडते. पण ती *खात्री करून* मानायची, अंदाजाने नाही.

समुद्रात काटा पडला तर

रेस कमी करा, गिअर न्यूट्रल करा. काटा शून्यावर असेल, बझर वाजत असेल किंवा इंजिनातून ठकठक येत असेल, तर इंजिन बंद करा. नांगर टाका. "अजून अर्धा तास, बंदर येतंयच" हा विचार महागात पडतो. ऑइलशिवाय चाललेलं बेअरिंग थोड्याच मिनिटांत क्रँकला चिकटू शकतं. मग क्रँक ग्राइंडिंग, नवीन बेअरिंग आणि ऐन हंगामात बोट धक्क्यावर उभी.

एकच अपवाद. बोट खडकाकडे वाहतेय, किंवा मोठ्या जहाजाच्या वाटेत आहे, तर आधी माणसं वाचवा. इंजिन जळालं तरी चालेल, तिथून बाहेर पडा. इंजिन पुन्हा बांधता येतं.

मदत लागली तर व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर बोला. कोस्ट गार्डचा नंबर १५५४. हा नंबर केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा. जवळच्या बोटीलाही लगेच कळवा, उजेड असतानाच टोइंग सोपं जातं.

पायरी पहिली : पट्टी

इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, ऑइल चेंबरमध्ये उतरू द्या. बोट हलत असेल तर दोन-तीन वेळा पट्टी बघा.

*लेव्हल कमी* : गळती शोधा. फिल्टरचं रबर, ड्रेनचा बोल्ट, कूलरचे पाइप, गेजचा बारीक पाइप बघा. बिल्जच्या पाण्यावर ऑइलचा तवंग आहे का तेही बघा. ऑइल भरून काटा वर आला तरी ऑइल गेलं कुठे, हे समजल्याशिवाय पुढची फेरी नको.

*लेव्हल जास्त* : बरेच जण यावर खूश होतात. खरं तर ही जास्त काळजीची गोष्ट आहे. आपण भरलं नाही आणि ऑइल वाढलं, म्हणजे त्यात डिझेल किंवा पाणी शिरलंय. बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आणि पाण्यासारखं पातळ, तर गळकं नोझल, फीड पंपाचा पडदा किंवा फ्युएल पंपाचं सील तपासायला लावा. ऑइल दुधी, चहासारखं दिसलं तर पाणी आहे. ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट बघावं लागेल. अशा ऑइलवर इंजिन चालवू नका.

पायरी दुसरी : गेज खरं बोलतंय का?

आधी एक साधी गोष्ट. बऱ्याच बोटींत दोन प्रेशर गेज असतात, एक इंजिनाचं आणि एक गिअरबॉक्सचं. गिअरबॉक्सचं प्रेशर बरंच जास्त असतं. आपण कुठला काटा बघतोय ते नक्की करा. दोन्हीवर रंगाने नाव घाला.

इलेक्ट्रिक गेज असेल तर स्विच चालू ठेवून, इंजिन बंद असताना, सेंडरवरची वायर काढा आणि क्षणभर इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, तर गेज आणि वायर ठीक. मग संशय सेंडरवर, नाहीतर खऱ्या प्रेशरवर. काटा हललाच नाही, तर वायर तुटलीय, टर्मिनलला हिरवा गंज आलाय किंवा गेज गेलंय.

लाल दिव्याचं उलट असतं. स्विचवरची वायर काढल्यावर दिवा विझायला हवा. तरीही जळत राहिला, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागलीय.

सेंडर बसवताना आट्यांना भरपूर टेप गुंडाळायची सवय असते. सिंगल वायरच्या सेंडरला अर्थ त्या आट्यांमधूनच मिळतो. टेप जास्त झाली की अर्थ तुटतो आणि नवाकोरा सेंडरही चुकीचं दाखवतो.

शेवटी खात्रीचा उपाय एकच. सेंडर काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावायचं. ते प्रत्येक मिस्त्रीकडे असतं. ते जे दाखवेल ते खरं. हे केल्याशिवाय कुणालाही इंजिन खोलू देऊ नका.

पायरी तिसरी : काटा कधी पडतो?

मिस्त्रीला "प्रेशर कमी आहे" एवढंच सांगू नका. कधी पडतं ते सांगा. त्यावरून अर्धं निदान होतं.

• *लाटेवर बोट कलली की काटा नाचतो* : लेव्हल कमी आहे, पंपाची नळी ऑइलऐवजी हवा ओढतेय.

• *आयडलला ठीक, रेस वाढवली की पडतो* : चेंबरमधली जाळी गाळाने चोंदलीय, किंवा सक्शन पाइप हवा घेतोय. ऑइल फार जास्त भरलं तरी क्रँक त्यात आपटून फेस होतो आणि हाच प्रकार दिसतो.

• *थंड असताना छान, तापल्यावर आयडलला खाली* : ऑइल पातळ पडतंय किंवा बेअरिंग झिजलीत. इंजिनाचं टेंपरेचरही बघा. कूलरमध्ये चिखल, शिंपले, प्लास्टिक अडकलं की ऑइल तापतं आणि पातळ होतं. मग दोष पाण्याच्या लाइनीचा आणि शिक्षा बेअरिंगला.

• *थंड, गरम, हळू, जोरात, सगळीकडेच कमी* : रिलीफ वॉल्वमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिलाय, स्प्रिंग बसलीय किंवा पंप झिजलाय. रिलीफ वॉल्व बाहेरून निघत असेल तर तो आधी साफ करून बघा. स्वस्तातलं काम आहे.

• *सर्व्हिसिंगनंतर लगेच कमी* : नुकतं काय बदललं ते आठवा. फिल्टर त्याच इंजिनाचा आहे का? जुनं रबर चिकटून राहून त्यावर दुसरं बसलंय का? ऑइलचा ग्रेड तोच आहे का?

• *महिनोन्महिने हळूहळू उतरतंय* : ही झीज आहे. घाबरू नका, पण पुढच्या बंदीत बेअरिंग बघायचा खर्च आत्ताच धरून ठेवा.

पायरी चौथी : फिल्टर फाडून बघा

जुना फिल्टर कापा, कागद उलगडा, उन्हात बघा. थोडा काळा गाळ असणारच. पण चमकणारी कणी दिसली तर थांबा. लोहचुंबक फिरवा. चिकटली ती लोखंडाची. न चिकटणारी तांबूस किंवा चंदेरी कणी बहुधा बेअरिंगची असते. सोबत तापल्यावर प्रेशर कमी आणि खालून ठकठक, अशी तीन लक्षणं जमली तर चेंबर उतरवायलाच हवा.

फिल्टर चोंदला तर बहुतेक इंजिनांत बायपास वॉल्व उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ बेअरिंगला जातं. म्हणजे इंजिन चालत राहतं, पण आतून खरवडलं जातं. फिल्टरवर वाचवलेला पैसा असा दामदुप्पट वसूल होतो.

किती प्रेशर बरोबर?

तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं. लेलँड असो की दुसरं कुठलं, प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा. जुन्या मिस्त्रींचा ढोबळ हिशेब असा, की तापलेल्या इंजिनात दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय तरी हवं. हा फक्त अंदाज, शेवटचा शब्द पुस्तकाचा. काही गेजवर बार किंवा किलो असतं, १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.

हे तीन उद्योग करू नका

१. रिलीफ वॉल्वच्या स्प्रिंगमागे वॉशर घालून काटा वर आणणं. ताप उतरवायचा सोडून थर्मामीटर बदलल्यासारखं आहे ते.
२. जाड ऑइल ओतून प्रेशर "बनवणं". आकडा वाढतो, पण थंड इंजिनात तेच ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं.
३. बझर सारखा वाजतो म्हणून वायर काढून टाकणं.

बंदीनंतर पहिल्यांदा चालू करताना

दोन महिने उभ्या इंजिनात बेअरिंगवरचं ऑइल खाली उतरलेलं असतं. जुनं ऑइल तसंच ठेवून बोट शाकारली असेल तर आधी ऑइल आणि फिल्टर बदला. मग स्टॉपची दोरी ओढून ठेवा, म्हणजे डिझेल बंद राहील, आणि स्टार्टर थोडा थोडा, मध्ये विश्रांती देत फिरवा. काटा हलला, मग इंजिन चालू करा. आयडलला ठेवा, लगेच रेस देऊ नका. धक्क्यालाच अर्धा-पाऊण तास चालवून तापू द्या आणि गरम आयडलचा आकडा बघा. तो पटला तरच दोर सोडा.

एक वही ठेवा

दर फेरीला चार आकडे लिहा : थंड चालू केल्यावरचं प्रेशर, गरम आयडलचं, नेहमीच्या रेसचं आणि त्या वेळचं टेंपरेचर. आरपीएम दर वेळी तोच ठेवा, नाहीतर तुलना होत नाही. समजा नेहमीच्या रेसला काटा ४५ असायचा, मग ४२, मग ३८, मग ३३ झाला. रोज बघणाऱ्याला हे जाणवत नाही, वहीत मात्र लगेच दिसतं.

ही वही बोटीवर भिजते, म्हणून परत आल्यावर आकडे घरच्या हिशेबाच्या वहीत उतरवून घ्या. डिझेल आणि बर्फ लिहिणाऱ्या ताईंनी शेजारी हे चार रकाने काढले की झालं. आकडा घसरताना त्यांनाच आधी दिसेल, आणि "अहो, मिस्त्रीला बोलवा" हे सांगायला हातात पुरावाही असेल.

बोटीवर खलाशी धरून जेवढी माणसं असतात, तेवढी घरं त्या एका इंजिनावर असतात. ही पोस्ट तुमच्या इंजिन ड्रायव्हरला वाचून दाखवा, ग्रुपवर पाठवा. तुमच्या इंजिनाचं मॉडेल आणि काटा कधी पडतो ते खाली लिहा, जाणकार मिस्त्री उत्तर देतील.