माळवदाखालची बँक

अमेरिकेतल्या ओवाटोना या शेतीवर जगणाऱ्या गावात लुई सलिव्हन या वास्तुविशारदाने 1908 साली लाल विटांची, भव्य कमानींची बँक बांधली. बीड, अंबाजोगाई किंवा धारूरच्या पेठेत तसे काही शोधायला जाणाऱ्याची निराशा होईल. पण तेवढ्यावरून बीड जिल्ह्याला बँक-वास्तूचा इतिहासच नाही, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. हा भाग ज्या निजामाच्या राज्यात होता, तिथे हैदराबाद स्टेट बँक 1941 च्या कायद्याने स्थापन झाली आणि 5 एप्रिल 1942 रोजी तिचे कामकाज सुरू झाले. त्याआधी सरकारी पैसा खजिन्यात असे आणि रयतेची देवघेव सावकाराच्या वाड्यात चाले. या भागातली जुनी बँक म्हणजे तो वाडा, असे माझे ठाम मत आहे.

त्याची रचना नीट पाहिली की हे पटते. दगडमातीच्या रुंद भिंती, रस्त्याच्या बाजूला जेमतेम एखादी खिडकी, मोठ्या दरवाजातली वाकून शिरायची दिंडी, मग चौक आणि ओसरी. गादी, लोड, तक्के आणि चोपड्या ओसरीवर. कर्ज मागायला आलेला कुणबी खाली, पायरीशी. देणारा आणि घेणारा यांच्यातले अंतर जोत्याच्या उंचीनेच ठरवून टाकले होते. आत अंधारी खोली, भिंतीत धान्याची बळदं. कारण वसुली पुष्कळदा धान्यातच होई. सागवानी तुळयांवरचे माळवद उन्हाळ्यात गारवा देते, शिवाय मातीचा जाड थर असल्याने गवती छपरासारखे वरून पेट घेत नाही. कागद सांभाळणाऱ्या घराला हे फार मोलाचे. कागदाचे मोल किती होते, ते बीडला लागून असलेल्या अहमदनगर आणि त्यापलीकडच्या पुणे जिल्ह्यांत 1875 साली दिसले. तिथे उठाव केलेल्या शेतकऱ्यांचा रोख सावकारांकडच्या खतांवर आणि रोख्यांवर होता.

यावर कोणी म्हणेल, असा वाडा तर देशमुखाचाही असतो. त्याला बँक का म्हणावे? पण सावकाराची पत त्याच्या घराण्यावरच उभी होती, त्यामुळे घर आणि पेढी वेगळी असण्याचे कारणच नव्हते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्या ओसरीवर जमिनी गहाण पडल्या, ती जपायची कशाला? पिळवणूक झाली, हे नाकारता येणार नाही. मात्र ती ओसरी पाडल्याने तो अन्याय पुसला जात नाही, फक्त त्याचा उभा पुरावा जातो. 1969 च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर गावोगाव शाखा निघाल्या. तिथे काउंटरच्या दोन्ही बाजूंची फरशी एकाच पातळीवर आली. हा बदल किती मोठा होता, हे जुने जोते पाहिल्याशिवाय कळत नाही.

पेठांमधले असे वाडे पडून तिथे स्लॅबच्या इमारती उभ्या राहत आहेत. मालकांनी, नगरपालिकांनी आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी पाडकामाआधी निदान मोजमाप घ्यावे, नकाशा काढावा, आणि त्यात जोत्याची उंची विसरू नये.