हंसाचे घर : राक्षसतालातील बेटांविषयी थोडेसे

सुरत शहराच्या आग्नेय अंगास, उधन्यालगत, डिंडोली ही वस्ती आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून यंत्रमागांच्या व कापडाच्या कामासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे येथे नांदतात. तापीच्या मुखाजवळ राहूनही त्यांचे मन तापीच्या वरच्या अंगास असते; आखाजी जवळ आली की घरोघर गावी जाण्याची तयारी सुरू होते. तेथील शिक्षकांशी आमचे बोलणे चालले असता एकाने आपल्या वर्गातील प्रसंग सांगितला. मेघदूताची कथा सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, “सर, आम्ही आखाजीला गावी जातो तसे हंस मानसरोवराला जातात, पण तिथं त्यांचं घर कुठं असतं?” शिक्षकांनी उत्तर दिले, “ती कवींची कल्पना आहे.” मुलगी गप्प बसली. परंतु आपण तिला खरे उत्तर दिले की केवळ तिचे तोंड बंद केले, ही रुखरुख शिक्षकांना लागून राहिली. ती आम्हांस रास्त वाटते. म्हणून या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचे योजिले आहे.

प्रथम काव्य काय म्हणते ते पाहू. आषाढाच्या आरंभी रामगिरीवर मेघ येतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक होय, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. मेघाची गर्जना ऐकून राजहंस मानसाच्या ओढीने निघतात आणि कमळाच्या देठांची शिदोरी घेऊन कैलासापर्यंत त्याची सोबत करतात. पुढे हिमालयातील क्रौंचरंध्राचा उल्लेख येतो. परशुरामाच्या बाणाने पडलेली ती वाट हंसांचे द्वार आहे, असे कवी सांगतो. म्हणजे पक्षी पर्वत ओलांडून पलीकडे जातात आणि त्यासाठी त्यांना घाटाची वाट लागते, इतके तरी कालिदासाच्या काळी ज्ञात होते.

आता पक्ष्याविषयी. संस्कृतातील ‘हंस’ हा शब्द एकाच जातीचा वाचक नाही. अनेक पाणपक्ष्यांना तो लावला गेला आहे. तथापि हिवाळ्यात आपल्याकडे येऊन उन्हाळ्यात हिमालयापलीकडे जाणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पक्षी या वर्णनाशी पुष्कळ जुळतो. मराठीत त्यास पट्टकादंब म्हणतात. हिवाळ्यात तो जायकवाडीच्या व उजनीच्या जलाशयांवर दिसतो. विरळ हवेतून प्राणवायू अधिक ओढून घेईल असे त्याचे रक्त असते, आणि फुप्फुसेही मोठी असतात. या शतकात पक्ष्यांच्या अंगावर यंत्रे बसवून त्यांच्या वाटा तपासण्यात आल्या, तेव्हा एका उड्डाणात ७,२९० मीटर उंची नोंदली गेली. परंतु बहुतेक पक्षी शिखरांवरून न जाता दऱ्याखोऱ्यांच्या आधारानेच पर्वत ओलांडतात, असेही त्यातून दिसून आले. ‘हंसद्वार’ ही कल्पना, तर, अगदीच निराधार नाही.

मग त्यांचे घर कोठे? कैलासाच्या दक्षिणेस दोन विस्तीर्ण तळी शेजारी शेजारी आहेत. पूर्वेकडील मानसरोवर सुमारे ४,५९० मीटर उंचीवर असून त्याचे पाणी गोडे आहे. स्वेन हेडिन या स्वीडिश संशोधकाने १९०७ साली होडीतून त्याची खोली मोजली, ती ८० मीटरहून अधिक भरली. पश्चिमेकडील राक्षसताल किंचित खालच्या पातळीवर असून त्याचे पाणी मचूळ आहे. दोहोंना गंगा छू नावाचा सुमारे दहा किलोमीटरचा प्रवाह जोडतो. तो कधी वाहतो, कधी कोरडा पडतो. सोन्याच्या दोन माशांच्या भांडणातून ही वाट पडली, अशी तिबेटी लोकांची कथा आहे. एक तळे देवाचे मानले गेले. दुसऱ्याशी रावणाच्या तपाची कथा जोडली गेली. यात्रेकरू पहिल्यात श्रद्धेने ओंजळ भरतो, दुसऱ्याच्या पाण्याला हात लावीत नाही. राक्षसतालात जीवच राहत नाही, असेही सर्रास सांगितले जाते.

वस्तुस्थिती निराळी आहे. राक्षसतालात बेटे आहेत. त्यांपैकी लाचातो व तोपसेर्मा ही दोन नावे परिचित आहेत. कैलास-मानसरोवराच्या परिसरात वर्षानुवर्षे राहून अभ्यास करणारे स्वामी प्रणवानंद १९३७ साली तळे गोठले असता बर्फावरून चालत या बेटांवर गेले. लाचातोवर हंस अंडी घालतात, हे त्यांनी नोंदवून ठेविले आहे. याचे कारण समजण्यास कठीण नाही. हे पक्षी जमिनीवर घरटे करतात, म्हणून कोल्ह्यालांडग्यांचे भय मोठे. हिवाळ्यात बर्फावरून बेटावर माणूस जाऊ शकतो, तसा लांडगाही. पण तेव्हा तेथे घरटे नसते. बर्फ वितळले की चहूबाजूंचे पाणीच राखण करते. लडाखमधील त्सो मोरीरी येथेही हे पक्षी वीण करतात. ज्या तळ्यास आपण निर्जीव व अमंगळ मानले, त्याच्याच पोटात हंसाचे बाळंतघर निघावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

माणसाला मात्र ही वाट इतकी सोपी नाही. भारत सरकारने लिपुलेख खिंडीतून जाणारी यात्रा १९८१ साली सुरू केली. २०१५ साली नाथू ला मार्गही उघडला. २०२० पासून बंद पडलेली यात्रा २०२५ साली पुन्हा सुरू झाली, तेव्हा दोन्ही मार्गांनी मिळून ७५० जणांची सोय होती. पारपत्र, वैद्यकीय तपासणी, सोडत इतके सोपस्कार पार पडल्यावर यात्रेकरू सुमारे ५,१०० मीटर उंचीची लिपुलेख खिंड ओलांडून तकलाकोटला उतरतो. तेथून उत्तरेकडे जाताना गुर्ला खिंडीपलीकडे त्याला आधी राक्षसतालाचेच दर्शन घडते. तो क्षणभर थांबतो आणि मानसरोवराकडे वळतो. बेट दृष्टीच्या टप्प्यात असते, पण त्याच्या यात्रेत नसते.

राहिला ऋतूचा प्रश्न. येथे कवी व निसर्ग यांचे जमत नाही, हे मान्य केले पाहिजे. पट्टकादंब मार्च-एप्रिलमध्येच आपला देश सोडतात. रामटेकावर आषाढाचा मेघ येतो, तेव्हा तिकडे अंड्यांतून पिले बाहेर पडलेली असतात. आमचा तर्क असा की, पावसाळ्यात भरलेल्या तळ्यांवर हंस दिसेनासे झालेले पाहून कवींनी त्या अभावाची सांगड मेघगर्जनेशी घातली, आणि तोच पुढे कविसंकेत झाला. हा तर्क बरोबर असो वा नसो, संकेत म्हणजे असत्य असे समजणे योग्य नव्हे. त्यात पाहिलेले किती व जोडलेले किती, हे निवडून दाखविणे हे शिक्षकाचे काम आहे.

त्या मुलीला आता असे सांगता येईल : “हंस खरोखरच जातात, पावसाच्या आधी, तुमच्या आखाजीच्या सुमाराला. त्यांचं घर मानसरोवराशेजारच्या तळ्यातल्या बेटावर असतं. त्या तळ्याला लोक राक्षसाचं तळं म्हणतात.” यामुळे कालिदासाचे काही उणे होत नाही. उलट, काव्य आणि भूगोल हे दोन तास वेळापत्रकात वेगळे असले तरी त्यांच्यामधूनही एखादा गंगा छू वाहतो, हे मुलांना कळेल. तो वाहता ठेवणे आपल्या हाती आहे.