कडकनाथ घ्यायचा, तर पिसं नको, कातडी बघा

 

आमच्या गटांच्या मासिक बैठकीत सध्या एक प्रश्न हमखास येतो. "ताई, गटाचं कर्ज उचलून कडकनाथ पाळावा म्हणतोय, पण खरा कडकनाथ ओळखायचा कसा?" प्रश्न रास्त आहे. गावरान कोंबडीपेक्षा कडकनाथाच्या पिल्लाला जास्त पैसे मोजावे लागतात. ते पैसे आपण जातीसाठी मोजतो. जातच भेसळीची निघाली तर हप्ता मात्र पूर्ण भरावा लागतो. म्हणून आज तेवढंच बोलू.

ही कोंबडी मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार या भागातली. तिथल्या भिल्ल आणि भिलाला बायामाणसांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगणात सांभाळलेली. मांस काळं, म्हणून तिकडे तिला कालीमासी म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपल्या नागपूरच्या संत्र्याला मिळालं तसं.

आता ओळख. पहिली चूक होते ती पिसांवरून. काळी पिसं म्हणजे कडकनाथ नव्हे. आपल्या गावरानातही कुळकुळीत काळ्या कोंबड्या असतात. आणि कडकनाथ सगळा काळाच असतो असंही नाही. त्याचे तीन प्रकार आहेत. एक पूर्ण काळा. दुसऱ्याच्या मानेवरच्या पिसांना पेन्सिलीनं ओढल्यासारख्या पांढुरक्या रेघा असतात. तिसऱ्याच्या डोक्यामानेवर सोनेरी झाक असते. सोनेरी मान दिसली म्हणून चांगला पक्षी नाकारू नका.

बघायची ती कातडी. पक्षी हातात घ्या, छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला करा, आतली कातडी काळपट दिसली पाहिजे. पंख उचलून खालीही बघा. मग चोच उघडा. जीभ आणि तोंडाचा आतला भाग काळसर-जांभळट हवा, गुलाबी नको. तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी जांभळट असते. थोडी लालसर छटा चालते, पण गावरान कोंबड्यासारखा लालभडक तुरा दिसला तर शंका घ्या. शेवटी पाय उलटे करा. नखं, बोटं आणि तळवा, सगळं पाटीच्या रंगाचं असतं. वरून काळे पाय आणि तळवा पिवळा, असा पक्षी परत ठेवून द्या.

अंडं मात्र काळं नसतं बरं का. मोबाईलवर काळ्या अंड्यांचे फोटो फिरतात, त्यावर जाऊ नका. कडकनाथचं अंडं फिकट बदामी, दुधाळ रंगाचं आणि आकारानं लहान असतं. रक्तही लालच असतं, काळं नाही.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण फसवणूक इथंच होते. कडकनाथचा कोंबडा पिवळ्या किंवा पांढऱ्या पायाच्या गावरान कोंबडीवर सोडला, तर होणारी पिल्लं अर्धीमुर्धी काळी होतील असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. त्यातल्या माद्या जवळजवळ बापासारख्या काळ्या निघतात आणि नर फिके निघतात. कारण असं, की कातडीचा काळेपणा दाबून टाकणारा एक गुण त्या गावरान आईकडे असतो, आणि कोंबड्यांमध्ये हा गुण आईकडून फक्त मुलाकडे जातो, मुलीकडे जात नाही. म्हणजे काळ्याभोर तलंगा तुम्हाला दाखवल्या, जीभ काळी, पाय काळे, सगळं बरोबर, तरी त्या मिश्र असू शकतात. पुढे त्यांच्यावर त्यांचेच भाऊ सोडले की पिल्लं नाना रंगांची निघतात, आणि तोवर विकणारा फोन उचलत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच. तलंगा घेताना म्हणा, "यांचे भाऊ दाखवा." दोन-तीन महिन्यांचे नर त्याच कळपात असले पाहिजेत आणि तेही तितकेच काळे असले पाहिजेत. नर नाहीत, सगळे विकले, असं उत्तर आलं तर तिथून निघा. आईबापांचा कळपही बघा. एक दिवसाची पिल्लं घेणार असाल तर हे आणखी गरजेचं. ती निळसर-काळी असतात, पाठीवर गडद पट्टे असतात, पण एवढ्याशा पिल्लावरून खात्री कोणीच देऊ शकत नाही. कृषी विज्ञान केंद्र किंवा सरकारी उबवणी केंद्रातून नंबर लावून घेणं उशिराचं असलं तरी मला तेच पटतं. पावती गटाच्या नावानं घ्या.

"अंडी, पक्षी सगळं आम्हीच परत घेऊ" असं सांगणाऱ्यांपासून जपा. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे अशा हमीवर कडकनाथ घेतलेले पुष्कळ शेतकरी अडकले. आपला बाजार आधी बघा, मग पिल्लं. गिऱ्हाइकाला औषध म्हणूनही विकू नका. मांसात चरबी कमी असते, एवढं सांगितलं तरी पुरे.

हिशोब धरताना हेही लक्षात असू द्या, की हा पक्षी सावकाश वाढतो. पाच महिन्यांनी किलोच्या आसपास भरतो. पूर्ण वाढलेला कोंबडा पावणेदोन-दोन किलो, कोंबडी सव्वा-दीड किलो. अंडी साधारण सहाव्या महिन्यापासून, वर्षाला शंभरच्या आतबाहेर. बॉयलरच्या हिशोबानं खाद्याचा खर्च मांडला तर गणित चुकेल.

शुद्ध जात आणली, पण गल्लीतला गावरान कोंबडा दिवसभर अंगणात येतो, मग शुद्धता राहील कशी? आठ-दहा कोंबड्यांना एक कडकनाथ कोंबडा ठेवा आणि त्यांना जाळीच्या आत वेगळं ठेवा. कोंबडीचा एकदा कोंबड्याशी संग झाला की दोन-तीन आठवडे ती त्याचीच पिल्लं होणारी अंडी देऊ शकते. त्यामुळे आज वेगळं केलं आणि उद्याची अंडी उबवली, असं चालत नाही. तीन आठवडे जाऊ द्या. तोवरची अंडी घरात खा, नाहीतर खाण्यासाठी विका. कोंबडा दर वर्षी-दोन वर्षांनी बदला, दुसऱ्या गावच्या गटाशी अदलाबदल केली तर खर्चही नाही. बहीणभावांचीच पैदास होत राहिली की पिल्लं अशक्त निघतात.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात द्यायची असते आणि पुढचे डोस गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. पहिल्या आठवड्यात बल्बची ऊब कमी पडू देऊ नका. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते, लांब पळत असतील तर ऊब जास्त झाली.

कडकनाथ कोंबडी स्वतः खुडूक क्वचितच बसते. तिची अंडी आपल्या गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवा, दहा-बारा पुरे. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील. सगळी निघणार नाहीत, निम्मी-पाऊण धरून चला. ठेवताना प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख घाला. नाहीतर खुडूक कोंबडी उठली की तिच्या जागी दुसरी येऊन आपलं अंडं घालून जाते, आणि कडकनाथच्या डालग्यातून पिवळ्या पायाचं पिल्लू निघतं.