वाड्यातली तीन वर्षे

श्याम बेनेगल २३ डिसेंबर २०२४ रोजी गेले आणि त्यांच्या चित्रपटांच्या उजळणीत ‘भूमिका’ (१९७७) पुन्हा चर्चेत आला; मात्र त्या चर्चेत स्मिता पाटील यांच्या अभिनयाचे जेवढे कौतुक होते, तेवढी आठवण ज्यांच्या आयुष्यावर तो चित्रपट बेतला त्या हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांची निघत नाही, आणि त्या आयुष्यातली सुमारे तीन वर्षे मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेली, हे तर मराठवाड्यातल्याच पालम-गंगाखेडच्या वाचकालाही मुद्दाम सांगावे लागते.

मूळ नाव रतन साळगावकर. ‘विजयाची लग्ने’ (१९३६) या चित्रपटापासून, म्हणजे खेळण्याच्या वयातच, घर चालवण्याचा भार अंगावर आला. पुढे बॉम्बे टॉकीज, मग प्रभातचा ‘संत सखू’ (१९४१), त्यानंतर ‘लोकशाहीर रामजोशी’मधील (१९४७) बयाची भूमिका. ‘रामजोशी’ने तमाशापटाची, म्हणजे फडावरच्या कलावंतिणीभोवती कथानक गुंफणाऱ्या चित्रपटाची, वाट मळवली. याच वाटेवरचा, हंसाबाईंची भूमिका असलेला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला.

हेच नाव हंसाबाईंनी आपल्या आत्मकथनाला दिले. अरुण साधू यांनी शब्दांकन केलेले, म्हणजे त्यांच्या तोंडून ऐकून लिहून काढलेले, हे कथन आधी ‘माणूस’ साप्ताहिकामध्ये आणि नंतर १९७० साली पुस्तकरूपाने आले. ‘सांगत्ये’ हे ‘सांगते आहे’चे बोलीतले, बाईच्याच तोंडी शोभणारे रूप आहे, प्रमाण लेखनात ते सहसा येत नाही, तरी मुखपृष्ठावर ते तसेच ठेवले गेले, आणि पुस्तकाचा सगळा सूर त्या एका क्रियापदात सापडतो. दारू, नवऱ्याचा जाच, स्वतःच्या चुका यांपैकी काहीही त्यात झाकलेले नाही. मराठीतील स्त्रियांच्या आत्मकथनांत या पुस्तकाला आज मिळते त्याहून पुष्कळ मोठे स्थान मिळायला हवे.

मराठवाड्यातील प्रकरण त्यात सर्वाधिक अस्वस्थ करते. घर सोडून ज्या पुरुषाबरोबर त्या इथे आल्या त्याचा संसार आधीच मांडलेला होता, आणि पडद्यावरची नायिका त्या घरात पडद्याआड गेली. या भागातील जुन्या वाड्याची रचना ध्यानात घेतली, तर हे कसे घडते ते समजते. दिंडी दरवाजालगत ढाळज, म्हणजे पुरुषांच्या बैठकीची ओसरी, असते. माजघरातील बाईला बाहेर पडायचे तर त्या बैठकीसमोरूनच जावे लागते, त्यामुळे दाराला कुलूप लावण्याची गरजच उरत नाही. ‘भूमिका’मध्ये अमरीश पुरी यांनी साकारलेल्या जमीनदाराच्या घरी नायिका जवळच्या जत्रेला लहान मुलाला घेऊन जाऊ पाहते आणि तेवढ्यालाही तिला मनाई होते. अशा जत्रा या भागातही भरतात; पालमच्या शेजारी, लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा घोड्या-गाढवांच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध आहे. अशाच जत्रांतून, तंबूतल्या टुरिंग टॉकीजमधून, तमाशापट खेड्यापाड्यांत पोहोचले, आणि त्यांतली नायिका ज्यांनी डोळे भरून पाहिली त्यांच्याच मुलखात तिला उंबरठा ओलांडता येत नव्हता.

अखेर सुटकेसाठी हंसाबाईंना ज्याच्या जाचाला कंटाळून घर सोडले होते, त्या नवऱ्यालाच निरोप धाडावा लागला.