कंबरदुखीच्या इंजेक्शनआधी टीबीची टेस्ट कशाला? टीएनएफची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, किंवा जे आज हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना जसा बोललो तसाच ठेवलाय, फक्त "म्हणजे" थोडे कमी केलेत.

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. वय 24. सकाळी उठलं की कंबर लाकडासारखी आखडलेली, चालायला-फिरायला लागलं की हळूहळू मोकळी होते. निदान झालं अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही, म्हणून डॉक्टरांनी "बायोलॉजिक" प्रकारचं इंजेक्शन सुचवलं, पण आधी टीबीची तपासणी करून या म्हणाले. त्याचा प्रश्न होता, "दादा, मला साधा खोकलासुद्धा नाही. दुखतेय कंबर आणि एक्स-रे छातीचा? बिल वाढवायचे धंदे आहेत का हे?"

नाही. आणि का नाही, हे कळायला टीएनएफ नावाच्या एका प्रथिनाची ओळख करून घ्यावी लागेल.

आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी गस्त घालत असतात. जंतू दिसला की त्या टीएनएफ सोडतात. हे प्रथिन स्वतः जंतूला मारायला जात नाही, ते निरोप पोचवतं. निरोप मिळाला की रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, पांढऱ्या पेशी तिथे धावतात, जागा सुजते, लाल होते, तापते. यालाच दाह म्हणायचं. निरोप मोठा असेल तर अंगभर ताप चढतो, जेवणावरची वासना जाते. म्हणजे आजारपणात जे काही आपल्याला "आजार" वाटतं, त्यातला बराचसा भाग जंतूचा नसतोच, आपल्याच यंत्रणेचा असतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा अन्यायच वाटला होता!

नावाची गंमत बघा. 1891 च्या सुमारास न्यूयॉर्कमधले सर्जन विल्यम कोली कॅन्सरच्या रुग्णांना मुद्दाम जंतू टोचून बघत होते, कारण जंतुसंसर्गानंतर काहींच्या गाठी विरघळल्याचं त्यांना दिसलं होतं. 1975 मध्ये त्याच शहरात लॉइड ओल्ड यांच्या गटाने उंदरांमधल्या गाठी मारणारा घटक दाखवला आणि नाव दिलं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. टीएनएफ हे त्याचंच छोटं रूप. दुसरीकडे ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी दीर्घ आजारात अंग का झडतं, माणूस किंवा जनावर हाडाचा सापळा का होतं, हे शोधत होते. त्यांनाही एक प्रथिन सापडलं, त्याला ते कॅकेक्टिन म्हणत. 1985 मध्ये उलगडलं, की दोन्ही एकच! गाठ मारणारा आणि माणूस झिजवणारा, एकच इसम. कॅन्सरवर औषध म्हणून टीएनएफ देऊन बघितलं तेव्हा रुग्णांना जोराचा ताप आला, रक्तदाब कोसळला. तो बेत बारगळला.

मग उलटा विचार सुरू झाला: हे प्रथिन अडवलं तर? सेप्सिसमध्ये प्रयत्न झाले, हाती फारसं काही लागलं नाही. पण लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत होते. त्यांना दिसलं, की टीएनएफ अडवलं की दाहाचे बाकीचे निरोपही थंडावतात. जणू ग्रुपचा ॲडमिनच म्यूट झाला. 1992 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णांना टीएनएफविरोधी अँटीबॉडी दिली, आणि वर्षानुवर्षं सुजलेले सांधे काही आठवड्यांत उतरू लागले. पुढे आतड्याचा क्रोन्स, सोरायसिस, आणि आपल्या श्रोत्याचा मणक्याचा आजार, या सगळ्यांत ही औषधं कामाला आली.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता टीबी.

टीबीचा जंतू अंगात शिरला म्हणजे टीबी होतोच असं नाही. बहुतेकांमध्ये मॅक्रोफेज आणि इतर पेशी जंतूभोवती कडं करतात, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. जंतू मरत नाही, कोंडला जातो. वर्षानुवर्षं तसाच. ना खोकला, ना ताप, त्या माणसाला पत्ताही नसतो. आणि हे कडं टिकवून धरायला सतत लागतो तो टीएनएफ. त्यालाच इंजेक्शनने गप्प केलं, तर कडं ढासळतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. 2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या 70 जणांना टीबी झाल्याची नोंद छापून आली. बऱ्याच जणांना पहिल्या तीन डोसच्या आतच. अर्ध्याहून जास्त जणांचा टीबी फुफ्फुसाबाहेर होता. म्हणजे खोकल्याची वाट बघत बसलात तर फसाल. आणि आपण राहतो भारतात, जिथे टीबीचे रुग्ण जगात सर्वांत जास्त आहेत. कोंडलेला जंतू घेऊन फिरणारे तर आपल्या आजूबाजूला कितीतरी.

म्हणून छातीचा एक्स-रे, आणि जोडीला मँटू नावाची त्वचेवरची टेस्ट किंवा इग्रा ही रक्ततपासणी. कोंडलेला जंतू आहे असं दिसलं, तर इंजेक्शनचा दरवाजा बंद होत नाही. आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात आणि साधारण महिनाभराने इंजेक्शन. गोळ्यांचा कोर्स मात्र पुढे पूर्ण करायचा.

तुमच्यापैकी कुणी ही इंजेक्शनं घेतच असेल, तर हा भाग ऐकून घाबरून मध्येच बंद करू नका. मणका एकदा जुळून कडक झाला तर तो परत सुटा होत नाही, आणि तेही नुकसानच आहे. 2014 मध्ये झायडसने ॲडॅलिमुमॅबची स्वस्त भारतीय आवृत्ती आणल्यापासून पर्याय वाढलेत, तरी अजूनही हे औषध सगळ्यांच्या खिशाला झेपत नाही, हे मान्य.

एक गोष्ट लक्षात असू द्या. टेस्ट निगेटिव्ह आली तरी ती त्या दिवसापुरती. नंतरही नवा संसर्ग होऊ शकतो. इंजेक्शन चालू असताना दोन आठवडे रेंगाळणारा ताप, रात्री घाम, उगाच वजन उतरणं, मानेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात, तर "मी टीएनएफ अडवणारं इंजेक्शन घेतो" हे पहिल्याच वाक्यात सांगा.