घरातल्या इंटरनेटसाठी राउटर आणि ॲन्टेना : दुकानात जाण्याआधी छपरावर चढा



पीक पाहणीची नोंद आपल्याच मोबाईलवरून करायची, ही रीत महाराष्ट्रात २०२१ पासून आली. फोटो बांधावर उभे राहून काढला, तरी तो वर पोचायला रेंज लागते. सात-बारावर पीक चढले नाही की नुकसानीच्या वेळी चावडीवर खेटे घालावे लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात बँकेचा ओटीपी, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, बाजारभाव. रात्रीच्या वेळी पारावर जाऊन मोबाईल वर धरून उभी राहिलेली माणसे आता गावोगाव दिसतात.

मग कोणीतरी म्हणतो, घरी राउटर घ्या. माणूस तालुक्याला जातो, दुकानदार दाखवील तो डबा आणतो आणि टीव्हीशेजारी ठेवतो. मीही तेच केले होते. आमचे घर डोंगराच्या कुशीत, मधल्या खोलीच्या भिंती दगडी, वर पत्रा. चांगला महाग राउटर आणला, तर मोबाईलला जी रेंज घरात येत नव्हती ती राउटरलाही आली नाही. वर त्या राउटरला बाहेरचा ॲन्टेना जोडायची सोयच नव्हती. पैसे गेले ते गेलेच.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की समजून घ्या. राउटर रेंज तयार करीत नाही. टॉवरकडून जेवढे येते तेवढेच तो घरात वाटतो. विहिरीला पाणीच नसेल, तर मोटार किती अश्वशक्तीची घ्यावी हा प्रश्न मागाहूनचा. आधी पाणी कुठे लागते ते बघायचे.

हे बघायला पाणाड्या लागत नाही, मोबाईल पुरतो. बऱ्याच मोबाईलमध्ये सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या सदरात सिमची स्थिती दाखवतात. तिथे रेंजचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तिथे सापडला नाही तर नेटवर्कची माहिती दाखवणारे फुकट ॲप मिळते. आकडा नेहमी वजा असतो, म्हणून वजा ८५ हा वजा ११० पेक्षा चांगला. फोर-जीला वजा ९० च्या आत असेल तर उत्तम. वजा १०० च्या आसपास काम चालते. वजा ११० च्या पलीकडे गेला की तुटक चालते, आणि वजा ११८-१२० ला धरून बसण्यात अर्थ नाही. हे आकडे साध्या बेरजेचे नव्हेत. ३ ने सुधारला की रेंज दुप्पट, १० ने सुधारला की दहापट. म्हणून घरात वजा ११५ आणि छपरावर वजा ९८ हा फरक लहान समजू नका, तो जवळजवळ पन्नासपट आहे.

आता कागद-पेन्सिल घ्या. मधल्या खोलीत, ओट्यावर, अंगणात, गोठ्याच्या छपरावर आणि घराच्या वर चारही कोपऱ्यांत उभे राहून आकडा लिहा. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा, आकडा जरा उशिरा बदलतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे निरनिराळ्या कंपन्यांची सिमे असतील, त्यांचेही मोबाईल घेऊन हेच करा. पुष्कळदा असे दिसते की ज्या कंपनीचे सिम सगळे गाव वापरते, तिच्यापेक्षा दुसरीच कंपनी छपरावर बरी लागते. टॉवर कोणत्या दिशेला आहे ते माहीत नसेल, तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचे 'तरंग संचार' हे संकेतस्थळ नकाशावर टॉवर दाखवते.

आणखी एक परीक्षा करा. पहाटे पाचला वेग बघा आणि रात्री नऊला बघा. आकडा तोच, पण पहाटे भरभर आणि रात्री गोगलगाय, असे असेल तर दोष तुमच्या रेंजचा नाही. टॉवरवर गर्दी आहे. एकाच चारीवर सगळ्या गावाने दारे उघडल्यासारखे ते आहे. त्याला ॲन्टेना लावून फारसा उपयोग नाही, कंपनी बदलून किंवा दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून झाला तर फरक होईल.

आता राउटर. टॉवरच्या लहरी वेगवेगळ्या पट्ट्यांवर येतात. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्या शिरतात. २३०० आणि २५०० च्या लहरी जास्त माल वाहतात पण लवकर थकतात. फाइव्ह-जीचा ३३०० चा पट्टा तर आणखी जवळचा. दूरच्या गावाला कमी आकड्याचा पट्टा हाच आधार, आणि नेमका तोच पट्टा काही स्वस्त किंवा परदेशी राउटरमध्ये नसतो. जिओ फोर-जीसाठी ८५०, १८०० आणि २३०० वापरते, म्हणजे खोक्यावर बॅन्ड ५, ३ आणि ४० लिहिलेले हवे. बीएसएनएलचे फोर-जी ७०० आणि २१०० वर आहे, त्याला बॅन्ड २८ आणि १ हवेत. खोके वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. दुकानदाराला कंटाळा आला तरी येऊ द्या.

राउटरच्या मागे दोन-चार काड्या दिसल्या म्हणून भुलू नका. कित्येकदा त्या नुसत्या घरातल्या वायफायच्या असतात. काड्या फिरवून निघतात का, आणि त्यांतल्या मोबाईल रेंजच्या दोन जागा कोणत्या, हे विचारा. राउटर कोणत्याही कंपनीचे सिम घेतो का, हेही विचारा. एका कंपनीला बांधलेला डबा पुढे अडचण करतो.

यापेक्षा बरा मार्ग म्हणजे बाहेर बसवायचा राउटर. यात ॲन्टेना आणि राउटर एकाच पाणीरोधक डब्यात असतात. डबा छपरावरच्या नळीला लावायचा आणि तिथून नेटची साधी केबल घरात आणायची. वीजही त्याच केबलमधून वर जाते. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. ॲन्टेनाच्या केबलचे मात्र तसे नाही. बाजारात मिळणारी पातळ काळी केबल १८०० मेगाहर्ट्झला दर मीटरला सुमारे पाऊण डीबी खाते. दहा मीटर टाकली तर छपरावर मिळवलेले पाच-सहा वाट्यांतले एकच वाटा खाली येतो. म्हणजे कच्च्या पाटाने पाणी नेल्यासारखे, निम्म्याहून जास्त वाटेतच जिरले. वेगळा ॲन्टेना घेणारच असाल तर जाड केबल घ्या आणि तीन-चार मीटरच्या वर जाऊ नका.

ॲन्टेना कोणता? टॉवर एकच आणि दिशा ठाऊक, तर माशाच्या काट्यासारखा दिसणारा लॉग पिरिऑडिक किंवा सपाट पाटीचा. चारही बाजूंनी रेंज घेणारा उभा दांडका डोंगराळ खोऱ्यात क्वचितच उपयोगी पडतो, कारण नको त्या टॉवरचा गोंगाटही तो गोळा करतो. फोर-जीला दोन केबली लागतात. पाटीच्या ॲन्टेनात दोन्ही आतच असतात. काट्याचे घेतले तर दोन घ्यावे लागतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे ४५ अंशांत कलता. दोन्ही सारखे उभे लावले तर पैसे दोनाचे, काम एकाचे.

दिशा लावताना जुने दिवस आठवतील. दूरदर्शनचा ॲन्टेना फिरवायला एकजण कौलांवर, एक खिडकीत. "आलं का?" "नाही, जरा उजवीकडे!" तेच करायचे, पण घाई नको. थोडे फिरवा, अर्धा मिनिट थांबा, राउटरच्या पानावरचा आकडा बघा. तिथे आरएसआरपी म्हणजे रेंजचा जोर आणि एसआयएनआर म्हणजे रेंज किती स्वच्छ. दुसरा आकडा १३ च्या वर गेला तर छान, शून्याच्या खाली असेल तर जोर असूनही नेट रडते. दोन्हींत ओढाताण झाली तर स्वच्छतेला मान द्या. मध्ये उसाचा फड किंवा आंब्याचे झाड येत असेल तर नळी त्याच्या वर काढा. उन्हाळ्यात लावलेले पावसाळ्यात मंद झाले तर ओल्या पानांवर संशय घ्या.

काही दुकानांत 'बूस्टर' म्हणून डबा देतात, जो सगळ्या घरात मोबाईलची रेंज वाढवतो. तो घेऊ नका. परवान्याशिवाय असा रिपीटर बसवणे बेकायदा आहे, आणि त्याच्या गोंगाटाने सगळ्या वाडीची रेंज बिघडते. राउटरला जोडलेला ॲन्टेना ही वेगळी गोष्ट, तो फक्त तुमच्या राउटरसाठी काम करतो.

वीज गेली की राउटरही जातो. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटी बॅटरीची पेटी मिळते. घेण्यापूर्वी राउटरच्या चार्जरवरचे व्होल्ट वाचा. फार वेळ वीज गेली तर टॉवरचीही बॅटरी संपते, तिथे आपला इलाज नाही.

शेवटी वीज पडण्याबद्दल. लोखंडी नळी घराच्या सगळ्यांत उंच टोकावर नको. नळीला जाड तांब्याची तार जोडून ती जमिनीत नीट अर्थिंग करून घ्या, वायरमनकडून. वळवाचे ढग जमले की, गडगडाट सुरू होण्याआधीच, राउटरची केबल आणि प्लग दोन्ही काढा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर असले तर जवळपास वीज पडण्याची सूचना आधी मिळते. गडगडाट चालू असताना ॲन्टेना नीट करायला छपरावर कोणी चढू नये, पोरांना तर मुळीच चढू देऊ नका.