मुरलेल्या तंबाखूचा भाव



कामगार संघटनेच्या माणसाने चिरुटांवर बोलावे याचे पुष्कळांना नवल वाटेल. मी चिरूट ओढीत नाही आणि विडीही ओढीत नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत पगारवाढीचा करार झाला, सह्या झाल्या, चहा आला, आणि मालकांनी खुशीत कपाटातून एक लाकडी पेटी काढून आमच्यापुढे ठेवली. क्यूबाचे चिरूट, पंचवीसांपैकी अकरा उरलेले. "१९९८ ची पेटी आहे, नव्यापेक्षा दुपटीने मोजलेत," ते म्हणाले. मी मनात हिशेब केला. आम्ही तीन बैठकांत भांडून मिळवलेल्या एका माणसाच्या महिन्याच्या वाढीत त्यांतले दोनही आले नसते. मला राग आला नाही, कुतूहल वाटले. पान जुने झाले म्हणून त्याचा भाव का चढावा? आणि चढलाच तर तो कोणाच्या पदरात पडतो? माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात झाले. तेव्हा तिथेच गेलो.

जुने म्हणून मोल वाढणे आपल्याला परके नाही. भाताला आपण जुना तांदूळ मागतो. फौंड्रीतल्या जुन्या मंडळींना विचारा: यंत्राच्या बैठकीचे मोठे बिडाचे ओतीव पूर्वी लगेच छिलायला घेत नसत. महिनोन्‌महिने आवारात ऊन-पाऊस खात पडू देत. आतला ताण सुटला की मग यंत्रावर चढवीत, नाहीतर ते पुढे वाकडे होई. तंबाखूचेही काहीसे तसेच आहे. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे. उत्तम पान तिथले. पान सुकले की त्याला ओलावा देऊन ढीग रचतात. ढीग आतून तापतो, पानातला अमोनिया उडून जातो, मग ढीग मोडून खालचे वर करून पुन्हा रचतात. हे एकदाच करून भागत नाही. त्यानंतर पान गाठोड्यांत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे पडून राहते. वळताना ते पुन्हा दमट करावे लागते, म्हणून अगदी नव्या चिरुटाला उग्र दर्प येतो. तो पेटीत राहून जातो. फार काळ ठेवला तर मात्र वासच उडतो, आणि हातात राहतो तो नुसता पाला. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: मुरल्याने उग्रपणा जातो, विष जात नाही.

आता पेटी जुनी आहे हे ओळखायचे कसे? विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वासून नव्हे. पेटीच्या तळावरचे शिक्के पाहावेत. १९६० साली क्यूबातील कारखाने सरकारजमा झाले. त्यानंतरच्या पेट्यांवर 'एचो एन कुबा', म्हणजे क्यूबात बनवलेले, असा छाप येऊ लागला. १९८५ पासून कारखान्याचा व तारखेचा सांकेतिक शिक्का आला, १९८९ मध्ये 'संपूर्णपणे हाताने' या अर्थाचे शब्द त्यात पडले, आणि १९९४ नंतर 'हाबानोस' या कंपनीचे नाव. म्हणजे १९७५ ची म्हणून कोणी पेटी पुढे केली आणि तिच्यावर हाबानोसचे नाव असले, तर ती परत करावी. पण शिक्का खरा असूनही माल मेलेला असू शकतो. चिरुटाला हवेत साधारण ६५ ते ७० टक्के दमटपणा आणि वीस अंशांच्या आसपास उष्णता मानवते. आपल्या मे महिन्यात तो तडकतो, आषाढात त्याला बुरशी येते. शिवाय तंबाखूचा किडा! उष्णता वाढली की अंड्यांतून अळ्या निघतात आणि पेटीला चाळण करतात. म्हणून जाणते लोक माल आधी काही दिवस गोठवून काढतात. पेटीचे लाकूड ज्याला ते सीडर म्हणतात ते खरे देवदाराचे नव्हेच; आपल्या कडुनिंबाच्या कुळातले झाड आहे.

मी मालकांकडून एक रिकामी पेटी मागून घेतली आणि घरी नेली. माझी आई उमेदीच्या काळात निपाणीला एका वखारीत तंबाखू चाळायला जात असे. तिने पेटी नाकाशी धरली आणि म्हणाली, "पावसाळा लागला न्हाई हिला." शिक्के तिला वाचता येत नाहीत.

निपाणी इथून हमरस्त्याने तासाभरावर. विडीची तंबाखू, वखारी आणि व्यापारी यांवर ते गाव उभे राहिले. तंबाखू मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. क्यूबाचे पान आणि निपाणीचे पान ही दूरची भावंडेच म्हणायची. आणि इथेही पान ठेवून विकता येते, पण ज्याची वखार त्याला! शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज, घरात लग्न. तो कसा थांबणार? १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूला रास्त भाव मागत शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली याच हमरस्त्यावर बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात बारा शेतकरी ठार झाले.

आणि वखारीच्या आत बायका. मी शाळकरी पोर होतो. आई घरी आली की तिच्या पदराचा खाट सुटे आणि धाकटी बहीण शिंकत तिच्यापासून लांब पळे. दारेखिडक्या बंद, धूळ डोळ्यांत, खोकला, चक्कर, आणि हातात रोजंदारीचे थोडे पैसे. त्या वर्षांत निपाणीच्या बायकांनी संघटना बांधली. १९८२ साली युगांतर या स्त्रियांच्या गटाने त्यांच्यावर चित्रपटही काढला. विडी आणि सिगार कामगारांसाठी संसदेने १९६६ सालीच कायदा केला होता. म्हणजे दोन्ही धंद्यांचे नाते सरकारलाही ठाऊक होते. कायद्याचे कागद वखारीच्या उंबऱ्याच्या आत यायला मात्र बायकांना स्वतः उठावे लागले.

हवानाच्या कामगारांची एक रीत मला फार भावते. १८६५ पासून तिथल्या कारखान्यांत चिरूट वळणाऱ्यांपुढे उंच जागी बसून एक माणूस वर्तमानपत्र व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवू लागला. त्याचा पगार कामगार आपल्या पदरचा देत. पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली, पण प्रथा मेली नाही. 'मोंते क्रिस्तो' हे चिरुटाचे प्रसिद्ध नाव १९३५ साली ड्यूमाच्या कादंबरीवरून पडले.

थांबण्याची ऐपत हीच खरी वखार, हे ध्यानात घेऊन आपल्याकडे शेतमाल तारण योजना निघाली. बाजार समितीच्या गोदामात हळद, बेदाणा, सोयाबीन ठेवायचे, त्याच्या किमतीवर कर्ज उचलायचे आणि भाव चढला की विकायचे. त्या रांगेत लहान शेतकरी किती उभे असतात, हे श्रोत्यांनी जवळच्या बाजार समितीत जाऊन एकदा पाहावे. मी येत्या सोमवारी जाणार आहे. कोणाला बरोबर यायचे असेल तर सभेनंतर दाराशी भेटा.